तीन आठवडे काहीच घडलं नाही

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना चालून जाणारी पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

हॉस्पिटलमध्ये जंतू पसरला असं कोणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या, एका खाटेवर दोन पेशंट, खाटेखाली झोपलेलं मांजर. म्हणजे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं की हा घाणीचा प्रश्न आहे, गरिबीचा प्रश्न आहे आणि कोणाच्या तरी हलगर्जीपणाचा प्रश्न आहे. आजची गोष्ट मी मुद्दाम निवडलीय, कारण तिच्यात यातलं काहीही नाही.

वॉशिंग्टन शहराला लागूनच बेथेस्डा नावाचं गाव आहे, मेरीलँड राज्यात. तिथे अमेरिकन सरकारची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच ही संस्था आहे. वैद्यकीय संशोधनातलं जगातलं सगळ्यात मोठं नाव म्हटलं तरी चालेल. तिचं स्वतःचं एक हॉस्पिटल आहे, क्लिनिकल सेंटर. १९५३ मध्ये सुरू झालं. २०११ मध्ये ते साधारण अडीचशे खाटांचं होतं. इथे अपघात झाला म्हणून किंवा ताप आला म्हणून कोणी जात नाही. इथे येणारा प्रत्येक पेशंट कुठल्या ना कुठल्या संशोधनात सहभागी असतो आणि त्याला उपचारांचं बिल लावलं जात नाही. दुर्मीळ आजार असलेले, बाकी सगळीकडून हात टेकलेले लोक इथे येतात. नवं औषध माझ्यावर करून बघा, असं म्हणणारे लोक. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे तिचं काम पडणार आहे.

१३ जून २०११. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमधून ४३ वर्षांची एक बाई इथे दाखल झाली. तिच्यावर फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालं होतं आणि त्यानंतर गुंतागुंत वाढली होती. तिच्या कागदपत्रांत एक नोंद होती: हिच्या शरीरात क्लेब्सिएला न्युमोनिए नावाचा जिवाणू आहे आणि त्याच्यावर कार्बापेनेम औषधं चालत नाहीत.

इथे जरा थांबूया, नाहीतर पुढचं सगळं नुसती नावं वाटतील.

क्लेब्सिएला हा काही परग्रहावरून आलेला जंतू नाही. तो कित्येक निरोगी माणसांच्या आतड्यांत गुपचूप राहतो आणि काही त्रास देत नाही. पण माणूस खूप आजारी असेल, नाका-तोंडात नळ्या असतील, प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असेल, तर तो फुफ्फुसांत आणि रक्तात घुसतो. अशा वेळी डॉक्टर जे राखून ठेवलेलं अस्त्र काढतात ते म्हणजे कार्बापेनेम. पेनिसिलिनच्याच लांबच्या नात्यातलं हे घराणं. त्यातलं इमिपेनेम १९८५ च्या सुमाराला वापरात आलं आणि बाकीची औषधं थकली की हे काढायचं, असा रिवाज पडला.

१९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पेशंटकडून घेतलेल्या क्लेब्सिएलात एक नवीनच गोष्ट होती. हा जंतू एक एन्झाइम बनवत होता, आणि ते कार्बापेनेमचा रेणूच फोडून टाकत होतं. त्याला केपीसी असं नाव पडलं. त्याहून वाईट म्हणजे हे एन्झाइम बनवण्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक एका सुट्या डीएनएच्या कड्यावर असतं आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरते ना, तसंच. अभ्यास एकानेच केलेला असतो, पण चिठ्ठी मागच्या बाकापर्यंत पोचते. कधीकधी तर दुसऱ्या तुकडीतही जाते, म्हणजे वेगळ्याच जातीच्या जिवाणूकडे. २००० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या, विशेषतः ब्रुकलिनच्या हॉस्पिटलांत केपीसीने मुक्काम ठोकला.

आता परत बेथेस्डाला. तिथल्या लोकांनी ती नोंद वाचली आणि पुस्तकात जे जे सांगितलंय ते सगळं केलं. बाईंना वेगळं ठेवलं. खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला गाऊन आणि हातमोजे. आजूबाजूच्या पेशंट्सच्या तपासण्या. कोणात काही सापडलं नाही. १५ जुलैला बाईंना डिस्चार्ज मिळाला, त्या जिवंत घरी गेल्या. हेही मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ज्यांना नुसतं ‘पेशंट नंबर एक’ म्हणतात त्या या बाई. त्यांनी काही लपवलं नव्हतं, कुठला नियम मोडला नव्हता. त्यांच्या फाइलीत सगळं लिहिलेलं होतं.

मग तीन आठवडे काहीच घडलं नाही.

हॉस्पिटलच्या जागी आपण असतो तर आपणही सुटकेचा श्वास टाकला असता. आला, अडवला, गेला. पण ५ ऑगस्टला आयसीयूतल्या दुसऱ्या एका पेशंटच्या श्वासनलिकेतून घेतलेल्या नमुन्यात क्लेब्सिएला सापडला. कार्बापेनेमला दाद न देणारा.

यावर पहिला विचार असा होता की हा योगायोग असेल. अमेरिकेत केपीसीवाल्या क्लेब्सिएलाचं एकच घराणं तेव्हा सगळीकडे पसरलं होतं. नेहमीच्या चाचण्यांत त्या घराण्यातले सगळे जंतू सारखेच दिसायचे, एकाच कंपनीच्या गणवेशातल्या माणसांसारखे. त्यामुळे हा पेशंट बाहेरून स्वतःचा वेगळा जंतू घेऊन आला, की तो याच इमारतीत त्याला लागला, हे सांगताच येत नव्हतं. आणि या दोन शक्यतांचा अर्थ अगदी वेगळा आहे. बाहेरून आला असेल तर हॉस्पिटलची भिंत शाबूत आहे. आतून आला असेल तर गेले तीन आठवडे तो इथेच कुठेतरी होता, आणि आपल्याला दिसला नाही.

ऑगस्टच्या मध्यावर तिसरा पेशंट सापडला. महिना संपायच्या आत चौथा. मग साधारण आठवड्याला एक असा हिशेब सुरू झाला. योगायोगाची भाषा आपोआप बंद पडली.

औषधं? एक कोलिस्टिन होतं. हे १९५० च्या दशकातलं जुनं औषध. किडनीला इजा करतं म्हणून डॉक्टरांनी जवळपास अडगळीत टाकलं होतं, ते आता नाइलाजाने परत बाहेर काढलं. साथ चालू असतानाच काही पेशंट्समधला जंतू कोलिस्टिनलाही सरावला. म्हणजे खिशातलं शेवटचं नाणंही खोटं निघावं तसं.

थोडं विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी माझी आत्या आयसीयूत होती, एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये. दारावर पाटी होती: चपला बाहेर काढा. दाराशेजारी खिळ्याला एक हिरवा गाऊन लटकवलेला. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक तोच गाऊन चढवून आत जायचा, बाहेर आला की परत खिळ्याला. दिवसभरात पंचवीस-तीस माणसं, पाच-सहा खाटा, गाऊन एक. आम्हाला सगळ्यांना तेव्हा तो स्वच्छतेचा कडक नियम वाटला होता. मीसुद्धा तो अगदी श्रद्धेने घालायचो. या भागाची तयारी करताना तो गाऊन मला सारखा आठवत होता.

असो. बेथेस्डामध्ये एक सोय होती जी तेव्हा इतर हॉस्पिटलांकडे क्वचितच असायची. त्याच आवारात, एनआयएचचाच भाग असलेली, मानवी जीनोमवर संशोधन करणारी संस्था होती. हॉस्पिटलमधल्या संसर्ग रोखण्याच्या कामावर असलेल्या डॉ. टारा पामोर आणि जीनोम संस्थेतल्या ज्युली सेग्री यांनी हातमिळवणी केली. सेग्री यांच्या गटातला तरुण संशोधक इव्हान स्निटकिन विश्लेषणाच्या कामाला लागला. प्रत्येक पेशंटमधला जंतू घ्यायचा आणि त्याचा सगळाच्या सगळा डीएनए अक्षर न् अक्षर वाचायचा. कोविडमध्ये ‘जीनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द आपल्या बातम्यांत रोजचा झाला, पण २०११ मध्ये चालू असलेल्या साथीचा माग असा काढणं ही नवलाची गोष्ट होती.

क्लेब्सिएलाचा डीएनए साधारण ६० लाख अक्षरांचा असतो. आणि या साथीतल्या सगळ्या नमुन्यांमध्ये मिळून फरक होता अवघ्या ४१ ठिकाणी. वेगवेगळे लोक बाहेरून वेगवेगळे जंतू घेऊन आले असते तर फरक कितीतरी जास्त निघाला असता. त्यामुळे पहिला प्रश्न तिथेच मिटला. सगळ्यांची मुळं जूनमध्ये आलेल्या त्या बाईंपर्यंतच पोचत होती.

पण खरी माहिती त्या ४१ फरकांमध्ये होती. जंतू वाढताना त्याच्या डीएनएत अधूनमधून एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. गावाकडे वंशावळी सांगणारे असतात ना, पिढीमागून पिढी नावं लावत जाणारे? तसंच काहीसं. चुका जुळवत गेलं की कोण कोणाचा वंशज ते कळतं. आणि एकाच माणसाच्या शरीरातही, घशात एक शाखा आणि दुसरीकडे दुसरी, असे बारीक फरक पडलेले असतात. पहिल्या बाईंच्या शरीरातल्या वेगवेगळ्या जागांवरच्या नमुन्यांत तसे फरक होते. ते ताडून पाहिल्यावर दिसलं की जंतू त्यांच्याकडून एकदा निसटलेला नाही. तो तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडला होता.

म्हणजे बघा. गाऊन होते, हातमोजे होते, वेगळी खोली होती, तपासणी होती. तरीही तीनदा.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त अस्वस्थ करणारी होती. पेशंट्सना क्रमांक दिले होते ते जंतू सापडण्याच्या क्रमाने. साहजिकच सगळे धरून चालले होते की जंतू त्याच क्रमाने पुढे सरकला असेल. जीनोमच्या वंशावळीने हे खोटं ठरवलं. आधी सापडलेल्या माणसाला जंतू आधीच लागलेला असतो असं नाही. कोणाच्या तरी आतड्यांत तो कित्येक दिवस काही लक्षण न दाखवता बसून होता, तिथून पुढच्याकडे गेला, आणि पुढचा मात्र लगेच आजारी पडला. कागदावर पुढचा आधी आला, मागचा नंतर. जुलै-ऑगस्टमधले ते तीन शांत आठवडे मुळात शांत नव्हतेच. घसा आणि जांघ इथल्या स्वॅबमध्ये तो दिसत नव्हता इतकंच.

मग शोध घ्यायची पद्धत बदलली. सगळ्या हॉस्पिटलभर पेशंट्सचे गुदद्वाराजवळचे स्वॅब घ्यायला सुरुवात झाली. ऐकायला कसंतरी वाटतं, पण जंतू तिथेच राहत असेल तर तिथेच बघायला हवं. त्यात असे लोक सापडले ज्यांना काहीही होत नव्हतं आणि जे जंतू बाळगून होते.

मग माणसं सोडून वस्तूंकडे मोर्चा वळला. साफ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवर जंतू मिळाला. खोल्यांमधल्या बेसिनच्या ड्रेनमध्ये मिळाला. हे बेसिनचं मला फार विचित्र वाटतं. ते तिथे कशासाठी असतं? हात धुवायला. जंतू रोखायला. आणि त्याच्याच नळीत तो घर करून बसलेला.

यानंतर जे झालं ते जवळजवळ युद्धासारखं होतं. बाधित पेशंट्सना बाकीच्यांपासून वेगळं काढायला आयसीयूत चक्क एक नवीन भिंत बांधली. त्या बाजूच्या पेशंट्सची काळजी घेणाऱ्या नर्सेस वेगळ्या, त्यांनी पलीकडे जायचं नाही. रिकाम्या खोल्या सीलबंद करून यंत्रांनी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली. प्लंबिंग उखडलं. आणि एक काम असं होतं ज्याला काही तंत्रज्ञान लागत नाही. काही माणसं फक्त उभं राहून बघण्यासाठी नेमली. काय बघायचं? आत जाणारा प्रत्येकजण हात धुतो की नाही. मोठा डॉक्टर असो की आणखी कोणी, नाही धुतले तर तिथल्या तिथे टोकायचं.

आपल्याकडे वरिष्ठ डॉक्टरला असं टोकण्याची कोणाची छाती होईल? हा प्रश्न मी एका ओळखीच्या सिस्टरना विचारला, तर त्या नुसत्या हसल्या.

२०११ संपता संपता साथ आटोक्यात आली. सगळे मिळून १८ पेशंट. त्यातले ११ वारले. हॉस्पिटलच्या हिशेबानुसार त्यातल्या ६ जणांचा मृत्यू या संसर्गामुळे झाला, बाकी पाचजण मूळ आजाराने गेले. हा ११ आणि ६ मधला फरक मला पटतोही आणि पटत नाहीही. पटतो, कारण ही माणसं आधीच फार गंभीर आजारी होती, आणि डॉक्टरांना प्रामाणिकपणे कारण लिहावंच लागतं. पटत नाही, कारण कॅन्सरने खंगलेल्या माणसाच्या शरीरात शेवटच्या दिवसांत हा जंतू असेल, तर ‘मूळ आजाराने गेला’ ही रेघ नेमकी कुठे ओढायची? ती ओढणारा माणूसही त्याच हॉस्पिटलचा असतो.

आणि हे सगळं बाहेरच्या जगाला कधी कळलं? जवळजवळ वर्षभराने. २२ ऑगस्ट २०१२ रोजी स्निटकिन, सेग्री, पामोर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात आला, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी केली, आणि मग गदारोळ. सहा महिने जंतू फिरत होता, माणसं जात होती, आणि तुम्ही आम्हाला शोधनिबंधातून सांगता?

हॉस्पिटलची बाजूही ऐकायला हवी. अशी प्रत्येक घटना जाहीर करण्याचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर नव्हतं. हॉस्पिटलमध्ये संसर्ग होणं अमेरिकेतही रोजचंच आहे. आणि खरं सांगायचं तर त्यांनी जेवढं उघड केलं तेवढं फार थोडी हॉस्पिटलं करतात. आमच्या भिंतीआड हा तीनदा निसटला, आमच्या व्हेंटिलेटरवर मिळाला, हे त्यांनी सहीनिशी छापलं. दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलने हेच सगळं फाइलीत बांधून कपाटात टाकलं असतं. तरीही माझं मत त्यांच्या बाजूने पडत नाही. सुरुवातीला म्हटलं होतं ना, इथे येणारा प्रत्येकजण स्वतःचं शरीर संशोधनासाठी देऊन येतो. जो माणूस सप्टेंबर २०११ मध्ये तिथे दाखल होण्याचा विचार करत असेल, त्याला हे आधी कळायला हवं होतं. कायदा काय म्हणतो हा त्यानंतरचा प्रश्न.

सांगितल्याने काय होतं, याचा एक दाखला इस्रायलचा आहे. २००६ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांत याच जातीचा जंतू वेगाने पसरला. स्थानिक उपाय पुरेनात, तेव्हा २००७ मध्ये सरकारने देशभराचा एकच नियम केला: प्रत्येक हॉस्पिटलने प्रत्येक पेशंटची खबर वर द्यायची, त्याला वेगळं ठेवायचं, त्याच्यासाठी वेगळा स्टाफ. वर्षभरात नव्या केसेस झपाट्याने खाली आल्या. औषध तेच होतं, जंतू तोच होता.

आणि दुसरा दाखला आपल्या जवळचा. बेथेस्डाच्या आधी, २००९ च्या उत्तरार्धात, मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिथे सापडलेले कार्बापेनेमला न जुमानणारे जंतू तपासले. २४ पैकी २२ मध्ये एनडीएम-१ निघालं. ते केपीसीचंच काम करणारं, पण वेगळं एन्झाइम. त्यांनी ते मार्च २०१० मध्ये भारतातल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात सरळ छापलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात तोच विषय आला, आणि त्या एन्झाइमच्या नावात ‘नवी दिल्ली’ आहे हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. मग संसदेपासून टीव्हीपर्यंत नावावरून भांडण झालं. देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्ध कट, वगैरे. शहराचं नाव देणं चुकीचंच होतं, त्या राग येण्यात तथ्य होतं. पण मुंबईच्या डॉक्टरांनी पाच महिने आधी जे सांगितलं होतं, त्यावर त्या गोंधळात किती चर्चा झाली? आज आयसीएमआरच्या अहवालांत आपल्या मोठ्या हॉस्पिटलांमधल्या क्लेब्सिएलाचे आकडे बघितले, तर अर्ध्याहून जास्त नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही. बेथेस्डात एका बाईंच्या फाइलीत ती नोंद वाचून सगळे खडबडून उठले होते. आपल्याकडे कुठल्याही मोठ्या आयसीयूत तसे रिपोर्ट रोज येतात.

बेथेस्डाची गोष्ट शोधनिबंधाबरोबर संपली असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यात सगळं होतं: तीन वाटा, ४१ फरक, भिंत, वाफ, बेसिन. पण २०१२ च्या उन्हाळ्यात, नेहमीच्या तपासणीत, एका मुलाच्या शरीरात तोच जंतू सापडला. मिनेसोटाहून आलेला, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेला मुलगा. तो एकोणिसावा. शोधनिबंध छापून येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा ७ सप्टेंबरला तो वारला. तपासणीचे स्वॅब त्यानंतरही घेतले जात राहिले.